मागच्या टायरचा सत्कार

उत्तम कामावरून आला, की मोटरसायकल स्टँडवर लावून आधी तिच्या मागे उकिडवा बसायचा. मान तिरकी करून काहीतरी न्याहाळायचा, अंगठा फिरवायचा आणि मगच जिना चढायचा. डोंबिवलीच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून हेमाला फक्त त्याची पाठ दिसायची. लग्नानंतरचा पहिला महिनाभर तिला वाटत होतं, नवऱ्याच्या बुटाची नाडी रोज नेमकी तिथेच सुटते.

महिन्याने तिने विचारलं.

"टायर बघतो," तो म्हणाला. "मागचा."

"रोज?"

"रोज झिजतो ना तो."

उत्तरात तर्काची चूक नव्हती. हेमा फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, कल्याणच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलेली. तर्कात चूक नसलेल्या माणसाशी कसं भांडायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

उत्तम 'ठाणे दूरपल्ला मोटरसायकल मंडळा'चा सभासद होता. मंडळ नौपाड्यातलं, सभासद चौदा, आणि अडीचशे सीसीच्या खालची गाडी असेल तर प्रवेश नाही. बहुतेकांच्या बुलेट, दोघातिघांच्या येझदी. अध्यक्ष महिपतरावांकडे लष्कराच्या लिलावात घेतलेली पाचशे सीसीची विलायती मोटरसायकल होती; ती सुरू झाली की त्यांच्या इमारतीतली दुधाची पातेली हलायची. मंडळाच्या घटनेत उद्देश लिहिला होता, 'दूरच्या प्रवासातून देशदर्शन'. स्थापनेनंतर तीन वर्षं त्यांनी ते खरोखरच केलं.

मग चौऱ्याऐंशी साली एक अपघात झाला. रस्त्यावर नव्हे, सभागृहात. हिमालयातल्या प्रवासावर बोलायला एक पाहुणे यायचे होते, ते आलेच नाहीत. माणसं जमलेली, सतरंजी अंथरलेली, आणि टेबलावर शाल आणि श्रीफळ. आणलेली शाल परत न्यायची म्हणजे चारचौघांत कसंसंच. तेव्हा कुणीतरी म्हणालं, की आपल्या महिपतरावांचा मागचा टायर सतरा हजार सहाशे वीस किलोमीटर चालला आहे, ही काय लहान गोष्ट आहे?

खरं म्हणजे होती मोठीच. जड मोटरसायकलचं सगळं बळ मागच्या चाकातून रस्त्याला लागतं, त्यामुळे पुढचा टायर वर्षानुवर्षं ऐटीत फिरतो आणि मागचा दहा-अकरा हजारांत गोटा होतो. तर महिपतरावांचा सत्कार झाला. टायरला हार घातला गेला. दुसऱ्या दिवशी तो टायर त्यांच्या दिवाणखान्यात, त्यांच्या वडिलांच्या फोटोशेजारी, खिळ्याला टांगला गेला. दोघांनाही चंदनाचे हार सारखेच होते.

त्या दिवसापासून मंडळाचं देशदर्शन संपलं आणि टायरदर्शन सुरू झालं. चौदा माणसांना एकाच वेळी कळलं, की शाल मिळवायला हिमालयात जावं लागत नाही, फक्त टायर झिजू द्यायचा नाही. तीनशे पन्नास सीसीच्या गाड्या तीसच्या वेगाने चालू लागल्या. लाल सिग्नल दिसला, की मंडळी शंभर मीटर आधीच इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळत न्यायची, म्हणजे ब्रेक लावावा लागत नसे. खडी टाकलेला रस्ता आला की खाली उतरून ढकलायची. घोडबंदर रोडवर दोन बाजूंना झाडं आणि मधे मोकळा डांबरी रस्ता, तिथे हे बलदंड ताफे इतके सावकाश जायचे, की लुना मोपेडवरचे दूधवाले त्यांना मागे टाकताना वळून बघायचे, कुणी गेलं की काय म्हणून.

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे डबलसीट नाही. मागे माणूस बसलं की मागच्या टायरवर भार, भार आला की झीज. मंडळाची सहल निघाली, की पुरुष मोटरसायकलवर आणि बायका एस्टीने. बायका दोन तास आधी पोचायच्या आणि पुरुषांसाठी चहा सांगून ठेवायच्या.

हेमाचं सगळं घोडं इथे अडलं होतं. लग्न ठरल्यावर उत्तमने तिला शब्द दिला होता, की डिसेंबरात गणपतीपुळ्याला जाऊ, समुद्राच्या कडेकडेने, मोटरसायकलवर. त्या शब्दावर तिने अख्खा उन्हाळा काढला होता. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात तो तिला टिटवाळ्याच्या गणपतीला घेऊन गेला, तेवढीच तिची डबलसीट. कल्याण सुटल्यावर मोकळ्या रस्त्यावर तो क्षणभर स्वतःला विसरला, गाडी साठावर गेली, आणि हेमाच्या पोटात एकदम हलकं, छान वाटलं. परत आल्यावर तो उतरला आणि त्याने तिच्याकडे न बघता टायरकडे बघितलं. त्यानंतर डबलसीट बंद.

आता सत्त्याऐंशीचा डिसेंबर आला होता. मंडळाची सहलही गणपतीपुळ्यालाच ठरली. उत्तमचा टायर सतरा हजार चारशे दहावर होता. महिपतरावांना मागे टाकायला दोनशे अकरा किलोमीटर कमी. रेकॉर्ड मंडळाच्या साक्षीनेच मोडावं लागे, म्हणून सहलीपर्यंत तो लोकलने कामाला जाणार होता.

"म्हणजे जातानाच रेकॉर्ड मोडेल," उत्तम म्हणाला. "महाडच्या पुढे. तू एस्टीने ये, मी तुला तिथे भेटतोच."

"मी बसले तर दोनशे अकरा किलोमीटरमध्ये किती फरक पडेल?"

"पडेल ना. चव्वेचाळीस किलो आहेस तू."

हेमाने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतलं व्हर्निअर कॅलिपर पर्समधून घरी आणलं आणि संध्याकाळी उत्तमच्या शेजारी तीही उकिडवी बसली. टायरच्या कडेच्या खाचेत खोली भरली सहा पूर्णांक चार मिलिमीटर. जवळजवळ नवा. मग तिने पट्टी मधोमध टेकवली. चाक फिरवत आठ ठिकाणी मोजलं. सरासरी शून्य पूर्णांक नऊ. एका ठिकाणी शून्य पूर्णांक तीन.

"अहो, हा मधे संपलाय."

"मधे कोण बघतं? आबा कडेला मोजतात."

आबा हे मंडळाचे परीक्षक. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. मोजायचं साधन काडेपेटीतली काडी: ती खाचेत उभी करायची, नखाने खूण करायची आणि पट्टीला लावायची. आबांची कंबर वाकत नसे, म्हणून ते टायरच्या बाजूला ठेंगण्या स्टुलावर बसत आणि हात पोचेल तिथे, म्हणजे कडेला, काडी लावत. पहिली तीन वर्षं ही आबांची अडचण होती. चौथ्या वर्षी ती पद्धत झाली.

आणि उत्तमला, गेल्या वर्षी कधीतरी, एक शोध लागला होता. टायरमध्ये अठ्ठावीस पौंड हवा भरायची असते. ती बेचाळीस भरली, की टायर मधे फुगतो आणि कडा रस्त्यापासून उचलल्या जातात. मग कडेला झीज कुठली? पाठीचा मणका खिळखिळा होतो, पण मणक्याची खोली आबा मोजत नाहीत. हा शोध त्याला एकट्यालाच लागला असावा, असं त्याला वाटत होतं.

"पुरेल ना पण गणपतीपुळ्यापर्यंत?" त्याने विचारलं.

हेमाला खोटं बोलता आलं असतं. पण आकडा समोर असताना तिला ते जमायचं नाही. "नवा टायर आठ मिलिमीटरचा. मधे एक मिलिमीटर झिजायला सुमारे दोन हजार चारशे पन्नास किलोमीटर लागलेत. म्हणजे ती सगळ्यात पातळ जागा अजून सातशे पस्तीस किलोमीटर टिकेल. जाऊन येऊन सहाशे ऐंशी. वाटेत टोकदार दगड लागला नाही तर."

"म्हणजे पुरेल," उत्तम म्हणाला आणि जिना चढला.

सहलीच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी नौपाड्यात महिपतरावांच्या इमारतीच्या आवारात वार्षिक मोजणी होती. चौदा मोटरसायकली ओळीत उभ्या. आबा स्टूल घेऊन एकेकीपाशी बसत होते. महिपतरावांच्या पत्नी सरस्वतीबाई पोह्यांच्या ताटल्या मांडत होत्या. हेमा आली ती काखेत चार्ट पेपरची गुंडाळी आणि हातात गेरूचा डबा घेऊन.

"हे काय सूनबाई, रांगोळी?" महिपतरावांनी विचारलं.

"ठसा घ्यायचाय काका. टायरला गेरू लावायचा आणि गाडी कागदावरून न्यायची. टायर रस्त्याला नेमका कुठे टेकतो ते कळतं."

उत्तमने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने भर सभेत त्याचा पगार सांगितला. पण आबांचे डोळे चमकले. "घ्या की. कागद असला म्हणजे बरं असतं. नुसत्या तोंडी मोजणीला अर्थ नाही."

चंदू गाडी ढकलायला पुढे झाला. चंदू चेंदणी कोळीवाड्यातला, मंडळातला सगळ्यात बदनाम सभासद. त्याचा टायर साडेसात हजारांच्या वर कधी गेला नव्हता, कारण तो गाडी वापरायचा. बायको भागीरथी मागे, तिच्या मांडीवर मासळीची पाटी, आणि दोघं भल्या सकाळी बाजाराला. मंडळात त्याला 'टायरखाऊ' म्हणत.

उत्तमची गाडी कागदावरून गेली. सगळे वाकून बघू लागले, आबा उभ्यानेच. कागदावर दोन बोटं रुंदीचा सलग तांबडा पट्टा उमटला होता. कुठे नक्षी नाही, रेघ नाही. कुणी कुंचल्याने ओढावा तसा.

"किती सफाईदार आलाय," एकजण म्हणाला.

"सफाईदार नाही, गोटा आलाय," चंदू म्हणाला. "उत्तम, तुझ्या टायरपेक्षा माझ्या सासऱ्याच्या टाळूवर जास्त नक्षी आहे रे."

"आणि आबा," हेमा म्हणाली, "तुम्ही जिथे काडी लावता ती कड इथे उमटलीच नाही. ती रस्त्याला लागतच नाही."

आबा विचारात पडले. महिपतराव पडले नाहीत. "लागत नाही म्हणून तर ती चांगली राहते," ते म्हणाले. "यालाच टायरची काळजी घेणं म्हणतात."

हेमाने आणखी चार गाड्यांचे ठसे घेतले. चारही पट्टे सारखे, सलग. उत्तमचा शोध मंडळात जवळजवळ प्रत्येकाला एकेकट्याने लागला होता. सहावी गाडी चंदूची. तिचा ठसा रुंद आणि कडेपासून कडेपर्यंत नक्षीदार उमटला, लुगड्याच्या काठासारखा.

"काका, या टायरांवर कुणी घाट उतरू नये," हेमा म्हणाली. "ओल्या रस्त्यावर तर मुळीच नाही."

महिपतरावांनी घसा साफ केला. ते वीस वर्षं एका सहकारी पतपेढीचे संचालक होते आणि नको असलेली गोष्ट नाही न म्हणता कशी बाजूला ठेवायची, हे त्यांना उत्तम माहीत होतं. "सूनबाईंनी मांडलेला मुद्दा महत्त्वाचा आहे. पण टायरचा मध्यभाग हा आजवर मंडळाच्या कक्षेत आलेला नाही. यासाठी आपण एक उपसमिती नेमू. तिने सहलीनंतर अहवाल द्यावा."

"सहलीनंतर?"

"सहलीचा अनुभवही त्यात येईल ना."

टाळ्या पडल्या. उपसमितीत ज्यांचे ठसे गोटा आले होते ते पाचजण घेतले गेले, विषयाची त्यांना माहिती असल्यामुळे. पोहे वाटायला सुरुवात झाली. हेमा तांबडे हात घेऊन उभी राहिली. तिला वाटलं होतं, पुरावा दाखवला की माणसं मत बदलतात. कॉलेजात निदान जर्नलमध्ये तरी तसंच लिहायचे. इथे पुरावा सगळ्यांनी बघितला होता, वाखाणला होता आणि भिंतीला टेकवून ठेवला होता.

मग तिने यांना खरोखर काय हवं आहे, याचा विचार केला. त्याला फार वेळ लागला नाही. ते दिवाणखान्यात खिळ्याला टांगलेलं होतं.

"आबा," ती म्हणाली, "एक विचारू? डबलसीटचं रेकॉर्ड कुणाच्या नावावर आहे?"

आबांनी वही चाळली. पुढून मागे, मागून पुढे. "डबलसीटची नोंदच नाही."

"म्हणजे कुणाच्याच नावावर नाही?"

"नाही."

आवारात पोहे चघळायचा आवाज थांबला. चंदूने ताटली खाली ठेवली. "मग माझं लिवा, आबा. सात हजार दोनशे. पूर्ण डबलसीट, भागीरथी साक्षीला आहे."

"पाटीसकट," भागीरथी पायरीवरून म्हणाली. "ती पाटी काय हवेत नव्हती."

"सात हजार?" महिपतराव हसले. "हा काय विक्रम झाला?"

"दुसरा कुणाचा नसेल तर हाच झाला," आबा म्हणाले. वजनमापे खात्यातल्या माणसाला रिकामा रकाना सहन होत नाही. त्यांनी लिहून टाकलं.

चौदा वर्षांच्या मुलाने वर्गात पहिला नंबर काढावा आणि बाकीच्यांचे आईबाप त्याच्याकडे बघावेत, तसे तेरा सभासद चंदूकडे बघू लागले. टायरखाऊ माणूस विक्रमवीर झाला होता. आता ही गोष्ट अशी राहू देणं शक्यच नव्हतं. सात हजार दोनशे ओलांडणं सोपं. प्रश्न एवढाच, की आधी कोण ओलांडतो.

"सरस्वती," महिपतरावांनी हाक मारली, "तुला मोटरसायकलवरून यायला आवडेल ना?"

"माझं एस्टीचं रिझर्वेशन झालंय," सरस्वतीबाई म्हणाल्या.

नियम तिथेच ठरले. डबलसीट गटात टायर नवा कोरा लावूनच सुरुवात करायची. या गटाला जुनी पद्धत नसल्यामुळे मोजणी कुठे करावी हा प्रश्न मोकळा होता. हेमा म्हणाली, मधोमध. आबा म्हणाले, माझी कंबर वाकत नाही. म्हणून परीक्षक हेमाच झाली. मग चंदूने हरकत घेतली. "भागीरथी अडुसष्ट किलो आहे. उद्या कुणी चाळीस किलोची बाई बसवेल आणि माझ्यावर चढेल. हे चालायचं नाही."

हरकत रास्त होती. हेमाने दोन मिनिटं विचार केला आणि नवं माप सुचवलं: मागे बसणाऱ्याचं वजन गुणिले अंतर. किलो-किलोमीटर. चंदूचे झाले चार लाख एकोणनव्वद हजार सहाशे. मासळीच्या पाटीचं वजन रोज वेगळं, म्हणून ती सोडून दिली. आकडा लाखात गेल्यामुळे सगळ्यांना तो एकदम पटला.

घरी आल्यावर उत्तम दोन दिवस आकडेमोड करत बसला. अडचण साधी होती. जुन्या टायरवर एकट्याने गेला, तर महाडच्या पुढे महिपतरावांचा विक्रम मोडणार, शाल मिळणार. पण तेवढ्यात बाकीचे नवा टायर, मागे बायको घेऊन सहाशे ऐंशी किलोमीटर पुढे गेलेले असणार. हेमाला घेतलं, तर नवा टायर लावावा लागणार आणि जुना दोनशे अकरा किलोमीटर कमी पडून कायमचा उतरणार.

"तू काय म्हणतेस?" तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं.

हेमा भाजी निवडत होती. तिला पुष्कळ म्हणता आलं असतं: शब्दाबद्दल, उन्हाळ्याबद्दल, शून्य पूर्णांक तीनबद्दल. पण ठसा दाखवून काय झालं, ते तिने पाहिलं होतं.

"महिपतरावांचं रेकॉर्ड मोडलंत तर तुम्ही दुसरे," ती म्हणाली. "आधी त्यांचा सत्कार झालाय. डबलसीटचा सत्कार अजून कुणाचाच झालेला नाही."

उत्तम उठला आणि टायरवाल्याकडे गेला.

सहलीच्या आधी वजनं झाली, नौपाड्यातल्या एका वाण्याच्या दुकानात, धान्याच्या काट्यावर. काटा बरोबर आहे का हे आबांनी आधी स्वतः तपासलं. सरस्वतीबाईंनी काट्यावर चढायला साफ नकार दिला. "चौतीस वर्षांत ह्यांना वजन सांगितलं नाही, मंडळाला काय सांगू?" तेव्हा महिपतरावांनी त्यांच्याऐवजी तांदळाचं पोतं बांधायची परवानगी मागितली. अर्धा तास चर्चा होऊन मागची व्यक्ती सजीव असावी असा ठराव झाला, आणि महिपतराव सहलीला एस्टीने आले.

बाकीचे निघाले तेव्हा ओळीने तेरा मोटरसायकली आणि तेरा बायका. कल्याण-शीळ रस्ता, पनवेल, पेण. हेमाच्या तोंडावर सकाळचा गार वारा होता आणि खाली पौंडात नीट मोजून भरलेल्या हवेचा टायर. उत्तम चाळीसच्या वर जात नव्हता, पण ती मागे होती.

वडखळला सगळे चहाला थांबले. एस्टीने आलेले आबा तिथे उतरून वाटच बघत होते. हेमाने व्हर्निअर काढून तेरा टायर मधोमध मोजले, आकडे वहीत लिहिले, हात धुतले आणि बाकावर येऊन बसली. उत्तमने तिच्यापुढे बटाटेवड्यांची ताटली ठेवली. तिने दोन खाल्ले. त्याने दुसरी ताटली आणली.

"पुरे," ती म्हणाली.

"खा गं. लांबचा पल्ला आहे."

तिने त्याच्याकडे बघितलं. लग्नाला सात महिने झाले होते आणि इतक्या मायेने तो तिला पहिल्यांदाच वाढत होता. मग तिने मनात भागाकार केला. चंदूला गाठायला चव्वेचाळीस किलोला अकरा हजार एकशे सत्तावीस किलोमीटर लागतात. पंचेचाळीस किलोला दहा हजार आठशे ऐंशी. एका किलोमागे दोनशे सत्तेचाळीस किलोमीटरची बचत.

आजूबाजूला पाहिलं तर सगळ्याच बाकांवर हेच चाललं होतं. नवरे स्वतः चहावर राहून बायकांना वडे वाढत होते. भागीरथीपुढे तिसरी ताटली होती आणि ती शांतपणे जेवत होती.

"आबा," उत्तमने पलीकडच्या बाकाकडे हळूच विचारलं, "पुळ्याला पोचल्यावर पुन्हा वजन होणार ना?"

"परीक्षकांना विचारा," आबा म्हणाले.

हेमाने दुसऱ्या ताटलीतला वडा उचलला, चटणीत बुडवला आणि सावकाश खाल्ला. "होईल," ती म्हणाली. "पण चाळीसने गेलात तर पोचेपर्यंत काट्याचं दुकान बंद होईल. साठने घ्या."

उत्तमने घड्याळ बघितलं, टायरकडे एकदा बघितलं आणि गाडीला किक मारली. नागोठण्याच्या पुढे रस्ता सरळ आणि मोकळा लागला. त्याने साठ घेतले. हेमाच्या पोटात एकदम हलकं, छान वाटलं, तीन वडे असूनही.